कल्हई बाकी आहे

भात शिजला की नाही हे ओळखण्याची जबाबदारी माझ्यावर आयुष्यात एकदाच आली, आणि ती मला झेपली नाही. आमची ही शेजारी हळदीकुंकवाला गेली होती. जाताना बजावून गेली, "एक शीत दाबून बघा आणि गॅस बंद करा." मी दाबलं. ते दबलं. मी गॅस बंद केला. पुढे पाहुण्यांच्या पानात जे पडलं त्यावरून असं लक्षात आलं की, सगळ्या पातेल्यात शिजलेलं शीत ते एकच होतं आणि नेमकं तेच माझ्या चिमटीत आलं होतं. शितावरून भाताची परीक्षा ही म्हण ज्यानं काढली, त्यानं स्वतः भात केलेला नसावा. पाहुणे सज्जन. "भात अगदी मोकळा झालाय," म्हणाले. पण आमचा जिल्हा भंडारा. इथं रांगोळीत चूक झाली तर लोक क्षमा करतात, भातात नाही. पाहुण्यांनी कपाळावर आठी न आणता तो भात चावला (गिळणं शक्यच नव्हतं) आणि हिनं मला रात्री साडेनऊ वाजता धारेवर धरलं.

आता खरं सांगायचं, तर गॅस बंद करताना मला शंका आली होती. दुसरं शीत दाबून बघावं असं मनात आलंही होतं. पण पाहुणे पाटावर बसले होते, घड्याळात एक वाजला होता, आणि "झालाच आहे" असं मी बाहेर येऊन आधीच जाहीर करून बसलो होतो. एकदा जाहीर केलं की वस्तू तयार असो वा नसो, ती तयार होऊन जाते.

हे मला ५ ऑक्टोबर २०११ च्या संध्याकाळी टीव्हीपुढे बसल्या बसल्या आठवलं असतं, तर पुढचं पुष्कळ टळलं असतं. त्या दिवशी दिल्लीत 'आकाश' नावाच्या टॅब्लेटचं उद्‌घाटन झालं. जगातला सर्वांत स्वस्त टॅब्लेट. केंद्रीय मंत्री कपिल सिब्बल यांनी पाचशे विद्यार्थ्यांच्या हातात तो दिला. त्याच दिवशी अमेरिकेत स्टीव्ह जॉब्स वारले. एका बाजूला सर्वांत महाग टॅब्लेट करणारा गेला आणि दुसऱ्या बाजूला सर्वांत स्वस्त टॅब्लेट आला, यात मला तेव्हा विधात्याची काहीतरी योजना दिसली होती. निवृत्त मास्तराला असल्या योजना लवकर दिसतात.

या आकाशाला पूर्वजन्म होते. फेब्रुवारी २००९ मध्ये तिरुपतीला दहा डॉलरचा लॅपटॉप येणार म्हणून देशभर गाजावाजा झाला. प्रत्यक्षात पडदा सरकला तेव्हा तो लॅपटॉप नव्हताच. माहिती साठवून ठेवायचं एक यंत्र होतं आणि ते वापरायला आधी एक कॉम्प्युटर लागत होता. (वरपक्षानं घोडा म्हणून सांगावा आणि प्रत्यक्षात चाबूक यावा, तसं.) मग जुलै २०१० मध्ये ३५ डॉलरच्या टॅब्लेटचा नमुना दाखवला गेला. त्या वेळचे साधारण दीड-पावणेदोन हजार रुपये. आणि सव्वा वर्षानं आकाश. करणारी कंपनी डेटाविंड, तपासून घेणारी संस्था आयआयटी राजस्थान, पहिली मागणी एक लाख नगांची.

वस्तू कशी होती? सात इंची पडदा. पण तो बोटाच्या स्पर्शानं चालणारा नव्हे, दाबानं चालणारा. म्हणजे 'अ' पाहिजे असेल तर दारावरची बेल दाबल्यासारखं दाबायचं. ३६६ मेगाहर्ट्झचा मेंदू, २५६ एमबी स्मरणशक्ती. आकडे तुम्हाला कळले नाहीत तरी बिघडत नाही, मलाही माझ्या भाच्यानं समजावून सांगितले: "मामा, तुम्ही चाळिशीच्या वर्गात मला पाढे विचारायचे आणि मी जेवढा वेळ लावायचो, तेवढा." बॅटरी दोन-तीन तासांची. ज्या मुलांच्या गावात वीज दिवसाचे कित्येक तास जात होती, त्यांच्यासाठी ही बॅटरी. तरी लोकांचा उत्साह पाहा. डिसेंबरात बाजारासाठी अडीच हजाराला नोंदणी उघडली आणि दोन आठवड्यांत चौदा लाख मागण्या आल्याचं कंपनीनं सांगितलं.

मग संस्था आणि कंपनी यांचं बिनसलं. संस्थेचं म्हणणं, वस्तू चाचणीत टिकत नाही. कंपनीचं म्हणणं, संस्थेनं चाचण्या ऐनवेळी लष्करी करून ठेवल्या, पावसात भिजवणं काय, उंचावरून पाडणं काय. एवढ्या पैशात रणगाडा मिळत नाही. मला दोघांचंही पटतं. आमच्याकडच्या शाळकरी पोराच्या दप्तराला श्रावणात जे सोसावं लागतं, त्यापुढे लष्कराची चाचणी म्हणजे वधूपरीक्षा. पण अडीच हजारात तसं दप्तरसुद्धा मिळत नाही, हेही खरं. शेवटी २०१२ मध्ये काम पवईला, आयआयटी मुंबईकडे आलं. तिथल्या प्रा. दीपक फाटकांच्या चमूनं ते नेटानं केलं, आणि ११ नोव्हेंबर २०१२ रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते 'आकाश-२' आला. हा पुष्कळ बरा होता. पडदा खऱ्या स्पर्शाचा, मेंदू जवळजवळ तिप्पट वेगाचा, विद्यार्थ्याला किंमत १,१३० रुपये. पण तोवर पहिल्या आकाशाची इतकी थट्टा झाली होती की दुसऱ्याकडे कोणी धड मान वर करून पाहिलं नाही. ३१ मार्च २०१५ ला प्रकल्प संपला.

आता यात पाप कुणाचं? पाप हा शब्द जड वाटतो. पण आमच्या पिढीला दुसरा येत नाही.

तुम्ही म्हणाल, कच्ची वस्तू बाजारात आणण्यात एवढं काय? साहेबसुद्धा आणतो. अगदी खरं आहे. त्याच वर्षी, एप्रिल २०११ मध्ये, कॅनडातल्या ब्लॅकबेरीवाल्यांनी 'प्लेबुक' नावाचा टॅब्लेट काढला. पाचशे डॉलर किंमत. ज्या कंपनीचं सगळं नाव ई-मेलवर उभं, तिच्या टॅब्लेटमध्ये ई-मेलच नव्हता! पोस्टखात्यानं नवीन इमारत बांधावी आणि पत्र टाकायचं भोक ठेवायला विसरावं, तसा प्रकार. तो ई-मेल फेब्रुवारी २०१२ मध्ये आला. त्याच्याही आधी, १९९३ मध्ये, अ‍ॅपलनं 'न्यूटन' काढला होता. हस्ताक्षर ओळखणारं यंत्र. ते माणूस लिही एक आणि वाची भलतंच. अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांत त्यावर व्यंगचित्रं आली. (मला या यंत्राबद्दल सहानुभूती आहे. मी तीस वर्षं नववीच्या वह्या तपासल्या आहेत.)

पण फरक आहे. पाचशे डॉलरचा प्लेबुक ज्यानं घेतला त्याच्या खिशात ब्लॅकबेरीचा फोन होता, टेबलावर कॉम्प्युटर होता. टॅब्लेटनं दगा दिला तर तो फार तर चार शिव्या देऊन दुसरं यंत्र उघडी. न्यूटन घेणाऱ्यांच्या खिशाला पेन होतं. श्रीमंताच्या घरी कच्चा भात झाला तर तो हॉटेलात जातो. आकाश ज्यांच्यासाठी होता त्यांच्यापाशी दुसरं काही नव्हतं, म्हणून तर आकाश काढायचा. ज्याच्या पानात एवढाच भात पडणार आहे, त्याला तो कच्चा वाढणं आणि वर "पहिला प्रयत्न आहे हो" म्हणणं, हे मला बरेच दिवस अक्षम्य वाटत होतं. मी हे चहाच्या टपरीपासून ज्येष्ठ नागरिक मंडळापर्यंत सगळीकडे बोलून दाखवलं. टाळ्या मिळाल्या. मग एके दिवशी माझीच विकेट पडली.

त्याचं असं झालं. माझा एक जुना विद्यार्थी राइसमिलमध्ये हमाली करतो. सातवीत शाळा सुटली, पण मला गुरुजी म्हणायचं सुटलं नाही. त्याची मुलगी हुशार. २०११ मध्ये ती अकरावीला होती, कॉम्प्युटर सायन्स घेऊन. कॉलेजात कॉम्प्युटर थोडे, मुलं जास्त. आठवड्यात अर्धा तास हात लागला तर लागला. गावातला एक टायपिंग क्लास बंद पडत होता, तिथला जुना कॉम्प्युटर चार हजारात मिळत होता. तो विचारायला माझ्याकडे आला.

"गुरुजी, पेपरात हजार-दीड हजाराचा कंप्युटर येऊन रायला म्हनते. खरं हाय का जी? का हा जुनाच घेऊ?"

मी चष्मा पुसला. चष्मा पुसला की मला अधिक माहिती असल्यासारखं वाटतं. म्हणालो, "अरे, चार हजार कशाला घालवतोस? सरकार देतंय. थांब."

तो थांबला. टायपिंग क्लासचा कॉम्प्युटर दुसऱ्यानं नेला. वर्ष गेलं. आकाश-२ आला तेव्हा तो पुन्हा आला, आणि मी पुन्हा सांगितलं, "बघ, आता तर प्रत्यक्ष राष्ट्रपतींनी हात लावलाय. थांब." तोवर मुलगी बारावीत, परीक्षेला तीन महिने. खरं म्हणजे ती सगळी योजना पदवी कॉलेजांची आणि विद्यापीठांची होती. अकरावी-बारावीच्या पोरीचा तिच्याशी संबंध नव्हता. हे बातमीत लिहिलेलं होतं. मी मथळा वाचला होता.

पोर पास झाली. नापास झाली असती तर मी हा लेख लिहिला नसता, तेवढं धाडस नाही. पण प्रॅक्टिकलला तिचे हात किल्ल्यांवर अडखळले, मार्क हवे तेवढे पडले नाहीत, आणि जिकडे जायचं होतं तिकडे ती गेली नाही. नुसत्या कॉम्प्युटरमुळे? ते कोण सांगणार! तिच्या बापानं मला एका शब्दानं बोल लावला नाही. मीच एकदा न राहवून म्हणालो, "चुकलंच माझं. पण कच्ची वस्तू घेण्यापेक्षा थांबलेलं बरं, नाही का?"

तो पोत्यावर बसला होता. थोडा वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "लवकर कापलं त धानाची कनी होते जी. हे तुमाले मालूम हाय. पन लय वाट पायली तरी कनीच होते. उभ्या धानाले ऊन लागते, दाना आतून तडकते. वरून नाई दिसत. मिलमंदी गेला का तुटते."

मी घरी आलो आणि त्या दिवशी वर्तमानपत्र उघडलं नाही.

त्याचं म्हणणं असं की, कच्चं देणाऱ्याच्या नावानं शंख करणं सोपं आहे. उशिरा देणाऱ्याला कोणी विचारत नाही. आमच्या पवनी तालुक्यातल्या गोसीखुर्द धरणाचं भूमिपूजन एप्रिल १९८८ मध्ये राजीव गांधींच्या हस्ते झालं. मूळ अंदाज ३७२ कोटींचा. मी तेव्हा शाळेत भूमितीचे प्रमेय शिकवत होतो. नंतर माझे विद्यार्थी तेच प्रमेय शिकवू लागले, मग त्यांचे विद्यार्थी, तरी कालव्यांची कामं चालूच होती. त्या धरणाला घाईचा दोष कोणी देऊ शकणार नाही. त्यात सगळं कसं सावकाश, पक्कं, तपासून! आणि ज्या शेतकऱ्यानं तरुणपणी त्या पाण्याच्या भरवशावर मुलांची नावं शाळेत घातली, त्याचा दाणा उभ्या उभ्या तडकला. तयार होईपर्यंत थांबा, असं म्हणणाऱ्याच्या घरी बहुधा नळाला पाणी असतं. माझ्या घरी होतं.

म्हणजे कच्चं द्यावं? मग मी ज्येष्ठ नागरिक मंडळात टाळ्या घेतल्या त्यांचं काय करायचं?

या पेचात मला आमच्या आळीतले कासारकाका आठवले. भंडारा म्हणजे पितळेच्या भांड्यांचं गाव. निदान माझ्या लहानपणी तरी होतं. पुढे स्टील आलं आणि सकाळपासून चालणारी ती ठोकाठोक हळूहळू थांबली. कासारकाकांकडे आई एकदा पातेलं घ्यायला गेली होती. मी बरोबर होतो. घरात कार्य होतं, पातेलं आजच हवं होतं, आणि त्याला कल्हई व्हायची होती. कल्हईवाला सोमवारी यायचा. नव्या पिढीला कल्हई ठाऊक नसेल म्हणून सांगतो: भांडं भट्टीवर तापवायचं, नवसागर टाकायचा, पांढरा धूर निघतो, मग कथलाचा तुकडा लावून कापसाच्या बोळ्यानं आतून फिरवायचा. हा हा म्हणता पिवळ्या भांड्याला आतून चांदी चढते. ती नसली तर पितळ दिसतं छान, पण त्यात आंबट ठेवलं की ते कळकतं आणि पोटात गेलं की वर येतं.

कासारकाकांनी पातेलं नाकारलं नाही. "सोमवारी या," असंही म्हणाले नाहीत. म्हणाले, "घेऊन जा वहिनी. पण कल्हई बाकी आहे. पाणी तापवा, धान्य ठेवा, काय वाट्टेल ते करा. ताक, चिंच, कढी मात्र नाही. सोमवारी आणून द्या, लावून देतो." आणि खडूनं पातेल्याच्या बाहेरच्या बाजूवर, चांगली मोठी, दिसेल अशी फुली मारली. निघताना मला थांबवून परत तेच सांगितलं. मी आठ वर्षांचा होतो. आईला कामात विसर पडेल, पोराला पडणार नाही, हा त्यांचा हिशेब. तो बरोबर निघाला. संध्याकाळी आत्यानं त्या पातेल्यात कढी ओतायला घेतली तेव्हा मी एवढा मोठा ओरडलो की कढी बाहेर सांडली आणि मार मला बसला.

आकाशाच्या बाबतीत फुली नव्हतीच असं नाही. पहिले लाख नग चाचणीसाठीच आहेत, वेगवेगळ्या हवापाण्यात वापरून बघायचे आहेत, असं तेव्हाही सांगितलं गेलं होतं. कॉम्प्युटरवाल्यांपाशी यासाठी सोयीचा शब्दही आहे, 'बीटा'. बीटा म्हणजे कल्हई बाकी. पण ही फुली पातेल्याच्या तळाला होती आणि पातेलं मंचावर फुलांच्या माळा घालून सरळ ठेवलेलं होतं. भाषणात होतं ते डिजिटल क्रांती, दरी मिटणार, जगातलं पहिलं. "पोरांनो, हे दोन तास चालेल, जोरानं दाबावं लागेल, मोठी चित्रं अडकतील, पण धडे वाचता येतील, काय बिघडलं ते सांगा, पुढचा बरा करू," असं मंत्र्यानं म्हटलं असतं तर? कोणी हसलं नसतं. चौदा लाखही आले नसते, हे कबूल. पण जे आले असते त्यांनी त्यात कढी ओतली नसती. आणि पवईच्या मंडळींचा दुसरा टॅब्लेट लोकांनी हातात घेऊन तरी बघितला असता.

मंत्र्याला हे सांगणं सोपं आहे, ते काही माझा लेख वाचणार नाहीत. पण चष्मा पुसून मी जे "थांब" म्हटलं, त्यावर तरी फुली कुठं होती? "मला नीट माहीत नाही रे, बातमी पुरी वाचलेली नाही," एवढं म्हणायला काय लागत होतं? तीस वर्षं फळ्यापुढे उभं राहिलेल्या माणसाला ते वाक्य येत नाही. कसं यावं? मी कित्येकदा आदल्या रात्री वाचलेला धडा सकाळी असा शिकवला आहे, जणू तो मीच लिहिला. कुणाकुणाच्या पोटात काय काय कळकलं असेल, देव जाणे.

ती मुलगी आता आमच्याच भागात सेवा केंद्र चालवते. उत्पन्नाचे दाखले, पीकविम्याचे अर्ज, निवृत्तांचे हयातीचे दाखले. माझ्या हयातीचा निर्णय दर नोव्हेंबरात तीच करते. गेल्या खेपेला मी गेलो तर बाहेर दहा-बारा माणसं आणि दारावर तिच्या हातचा पुठ्ठा टांगलेला. जाड अक्षरात लिहिलं होतं: आज कुठला अर्ज भरता येईल, कुठल्या अर्जाची साइट मधेच बंद पडते, कुठल्यासाठी उद्या अकरानंतर यावं, आणि खाली, 'बाहेरगावच्यांनी एस.टी.चं तिकीट काढण्याआधी फोन करावा.' फोन नंबर. मी पुठ्ठा दोनदा वाचला.

"हे रोज लिहितेस?" मी विचारलं.

"रोज बदलते ना जी, गुरुजी," ती मान वर न करता म्हणाली. तिची बोटं किल्ल्यांवरून सरसर चालली होती. "नाई लिवलं त लोक दिवसभर बसून रायतात बिचारे. बसा, तुमचं होऊन जाईल. पन अंगठा नाई लागला त दोनदा-तीनदा करा लागन, आत्ताच सांगून ठेवते."

माझा अंगठा चौथ्या खेपेला लागला. यंत्राच्या मते तोवर मी हयात नव्हतो.

घरी येऊन मी माळ्यावरून ते पातेलं काढलं. आईच्या मागे ते आमच्याकडे आलं. आतली कल्हई केव्हाच गेली आहे आणि कल्हईवाला गल्लीत फिरकल्याला कित्येक वर्षं झाली. मी खडू शोधला (मास्तराच्या घरात खडू सापडतोच), आणि बाहेरच्या बाजूवर मोठी फुली मारली. ही दारात उभी राहून बघत होती.

"काय चाललंय?"

"कल्हई बाकी आहे. कुणी चुकून कढी ठेवायला नको."

"बरं," ती म्हणाली, "खडू इकडे द्या."

आणि माझ्या शर्टाकडे बघू लागली.